२७५ स्लाईड आणि मावशीची गाठ

तपासणीसाठी स्तनाचा तुकडा कॅसेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत घालतात तेव्हा तो फार तर टपालाच्या तिकिटाएवढा असतो. जाडी तीन मिलिमीटर. त्यातलं पाणी काढून मेण भरलं की ब्लॉक तयार होतो आणि मग मायक्रोटोमवर, म्हणजे काप घ्यायच्या यंत्रावर, त्याचे चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घ्यायचे. हिशेब केला तर त्या एका तुकड्याचे साडेसातशे काप पडतील. डॉक्टर बघतात त्यातला एक. शंका आली तर आणखी दोन-तीन मागवतात. बाकीचा सगळा तुकडा मेणात तसाच राहतो आणि नंबर घालून कपाटात जातो.

मी मिरजेतल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये एकतीस वर्षं टेक्निशियन होते. राहायला सांगलीत, विश्रामबागला. या एकतीस वर्षांत हा साडेसातशेचा हिशेब कधी कुणाला सांगायची वेळ आली नाही. मागच्या महिन्यात आली.

आमच्या भिशीच्या दिवशी सुनंदाने, माझ्या धाकट्या जावेने, फोनवर आलेला एक मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. पोस्टमॉर्टेममध्ये चाळिशी ते पन्नाशीतल्या ३९ टक्के बायकांच्या छातीत कॅन्सर सापडला, आणि त्या बायकांना जिवंतपणी पत्ताही नव्हता. सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "म्हणजे आपल्या पाच जणींत दोघींना असणारच की." कुणीतरी पाणी प्यायलं. आणि सुनंदा हळूच म्हणाली, "मग असू दे की अक्का. एवढ्या बायका त्यासकट जगल्या न्हवं? न कळल्यालंच बरं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. "न कळल्यालंच बरं" हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, माझ्या मावशीच्या तोंडून.

मावशीकडे नंतर येते. आधी त्या ३९ टक्क्यांचं.

आकडा खोटा नाही. २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ज्युडा फोकमन आणि रघू कल्लुरी यांनी तो दिला होता. रोग नसलेला कॅन्सर, असा त्यांच्या टिपणाचा विषय होता. पण त्याचं मूळ आणखी मागे, डेन्मार्कमध्ये आहे. १९८७ साली तिथल्या डॉक्टरांनी ११० बायकांच्या पोस्टमॉर्टेमचा अभ्यास छापला. वय २० ते ५४. या बायका दवाखान्यात आजारपणाने गेलेल्या नव्हत्या, ही मेडिकोलीगल पोस्टमॉर्टेम होती, जशी आपल्याकडे अपघात किंवा संशयास्पद मृत्यू झाला की होतात. म्हणजे वरवर धडधाकट बायका. त्या ११० पैकी २२ जणींच्या स्तनात कर्करोगाच्या पेशी सापडल्या आणि त्यातल्या फक्त एकीचा आजार जिवंतपणी माहीत होता.

पण त्या २२ पैकी २० जणींचा रोग इन सिटू होता. जागच्या जागी असलेला. आजूबाजूला पसरलेला रोग फक्त दोघींमध्ये मिळाला. शिवाय ११० बायका २० ते ५४ अशा वयांत विभागल्या, तर चाळिशी ते पन्नाशीतल्या अशा कितीशा असणार? थोड्याच. थोड्या बायकांवरून काढलेली टक्केवारी होती ती. फोनवर येताना तेवढी टक्केवारी आली, मोजकेपणा मागे राहिला.

इन सिटू म्हणजे काय, हे तासगावकडच्या बाईला सांगायला अगदी सोपं आहे. दूध तयार करणारा स्तनातला भाग सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. देठ म्हणजे नलिका, मणी म्हणजे दूध बनवणारे छोटे फुगे. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात वेलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खे स्तन जाड चकत्यांत कापून, रसायनाने पारदर्शक करून, रंगवून पाहिले. स्तनाचे बहुतेक कर्करोग याच घडात, देठ आणि मणी जिथे मिळतात त्या भागात सुरू होतात, हे त्यांनी १९७५ मध्ये दाखवलं. इन सिटू अवस्थेत पेशी वाढतात, देठ आणि मणी आतून गच्च भरतात, पण साल फुटत नाही. साल फोडून पेशी बाहेर पडल्या की तो इन्व्हेझिव्ह. गाठ बनून हाताला लागतो तो बहुधा हा दुसरा. बगलेत, हाडात, फुप्फुसात जाऊन माणूस नेतो तोही हाच.

आता माझा साडेसातशेचा हिशेब. त्या डॅनिश अभ्यासात एका स्तनाच्या सरासरी २७५ स्लाईड पाहिल्या होत्या. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून पुसून पुन्हा वाचला. आमच्याकडे ऑपरेशन करून काढलेल्या अख्ख्या स्तनाचे दहा-पंधरा ब्लॉक व्हायचे. गाठीचे चार-पाच, कडांचे, स्तनाग्राचा, बाकी बगलेतल्या गाठी असतील तशा. २७५ म्हणजे सुईच्या टोकाएवढी जागासुद्धा सोडायची नाही असा हट्ट. एका बाईचे दोन्ही स्तन असे बघायचे तर साडेपाचशे स्लाईड. माझ्यासारख्या एका टेक्निशियनचं दहा-बारा दिवसांचं काम, तेही दुसरं काही हातात न घेता.

स्तन कापणं सोपं नसतं, हेही सांगते. त्यात चरबी भरपूर. चरबीत मेण नीट शिरलं नाही तर पात्याखाली रिबन फाटते, मधे भोक पडतं. ब्लॉक बर्फावर ठेवायचा, कडक झाला की चाक फिरवायचं, रिबन ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुती पसरून ती सपाट झाली की काचेवर घ्यायची. पाण्यावर तरंगणारा तो काप कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असतो. श्वास जोरात सोडला तरी हलतो. मग रंग. केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. एवढं सगळं केल्यावर त्या काचेवर घडाचं एखादं टोक येतं. दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते पुढच्या काचेवर.

म्हणून, जितक्या काचा तितकं सापडणार. एच. गिल्बर्ट वेल्च आणि विल्यम ब्लॅक यांनी १९९७ मध्ये असे सात पोस्टमॉर्टेम अभ्यास एकत्र मांडले. स्तनाचा कॅन्सर असल्याचं माहीत नसलेल्याच बायका त्यात घेतलेल्या. एका स्तनामागे पाहिलेल्या स्लाईड एका अभ्यासात सरासरी ९, तर दुसऱ्यात २७५. नलिकेच्या आतला कर्करोग, ज्याला डॉक्टर डीसीआयएस म्हणतात, तो एका अभ्यासात एकाही बाईत नाही, तर दुसऱ्यात १४.७ टक्के. मधला आकडा ८.९. पसरलेल्या कर्करोगाचा मधला आकडा मात्र १.३ टक्के. २०१७ मध्ये आणखी मोठा गोषवारा आला. १९४८ ते २०१० या काळातले १३ अभ्यास, २,३६३ पोस्टमॉर्टेम. इन सिटू ८.९ टक्के, पेशींची वेडीवाकडी वाढ पण अजून कर्करोग नव्हे अशी अवस्था ९.८ टक्के, आणि पसरलेला ०.८५ टक्के. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही.

या २०१७ च्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जास्त स्लाईड पाहिल्या की इन सिटू आणि वेडीवाकडी वाढ जास्त सापडली, पण पसरलेला कर्करोग तसा वाढला नाही. माझ्यासारखीने आयुष्यभर काचाच केल्यात, मला यात नवल वाटत नाही. साल फोडून बाहेर आलेला रोग लपत नाही. तो नऊ काचांतही दिसतो. शोधून शोधून सापडतो तो सालीच्या आतला.

सुनंदाला मी हेच सांगितलं. त्या बायका ज्याच्यासकट जगल्या तो बहुतेक आतला होता. त्यातला काही पुढे साल फोडतो, काही वर्षानुवर्षं तसाच बसतो, आणि बाई म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जाते. कुठला फोडणार आणि कुठला बसणार, ही डॉक्टरांची खरी अडचण आहे. अमेरिकेत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, एवढी होते की नव्याने सापडणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांत साधारण पाचवा हिस्सा हा डीसीआयएस असतो आणि त्यासाठी बायकांचे स्तन कापले जातात, रेडिएशन दिलं जातं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कॉमेट नावाच्या चाचणीचे निकाल आले. कमी धोक्याचा डीसीआयएस असलेल्या ९५७ बायका. निम्म्यांना नेहमीप्रमाणे ऑपरेशन, निम्म्यांवर नुसती बारीक देखरेख. दोन वर्षांनी पसरलेला कर्करोग ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के, देखरेखीच्या गटात ४.२ टक्के. दोन वर्षं हा काळ थोडा आहे, पुढे काय होतं ते बघावं लागेल. पण आतल्या रोगाशी धीराने वागता येतं, एवढं त्यातून दिसतंय.

आणि कर्करोग सोडा, साधे बदल तर किती असतात! १९५१ मध्ये व्हर्जिनिया फ्रँट्झ आणि सहकाऱ्यांनी २२५ बायकांची पोस्टमॉर्टेम अभ्यासली. जिवंतपणी यांच्या स्तनाची काही तक्रार नव्हती. निम्म्याहून जास्त जणींत पाण्याच्या बारीक पिशव्या मिळाल्या. या बदलांना फायब्रोसिस्टिक डिसीज म्हणायचे, डिसीज. १९८२ मध्ये सुझन लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की जे इतक्या बायकांत असतं त्याला आजार म्हणायचंच कशाला? मला तो प्रश्न फार आवडला. आमच्याकडे किती रिपोर्टांवर हे शब्द टाईप झालेले मी पाहिलेत, आणि रिपोर्ट घ्यायला आलेल्या पोरींचे चेहरे पाहिलेत. 'डिसीज' एवढंच वाचायच्या आणि ओठ पांढरे पडायचे.

आपल्याकडे असा अभ्यास कुणी का करत नाही, असं भाचीने विचारलं. पीएमची, म्हणजे पोस्टमॉर्टेमची सँपलं आमच्या लॅबला यायची ती मी बघायची. हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, फॉर्म्यालिनच्या बरणीत. स्तनाचा तुकडा पीएममधून आलेला मला आठवत नाही. पोलिसांना हवं असतं मृत्यूचं कारण. छातीवर मधून चीर घेतात, कातडी दोन्ही बाजूंना उलटतात, स्तन त्या कातडीबरोबर बाजूला जातो आणि शिवताना पुन्हा जागेवर येतो. बाहेर निलगिरीखाली घरचे उन्हात बसलेले असतात, बॉडी कधी मिळणार म्हणून दर दहा मिनिटांनी विचारतात. तिथे २७५ स्लाईडचं नाव कोण काढणार? त्या डॅनिश बायकांच्या घरचेही असेच बाहेर बसले असतील. मला त्या ११० जणींबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. जाता जाता त्यांनी जे शिकवलं ते जिवंत बाईच्या शरीरातून कळणं शक्य नव्हतं.

पण त्यांनी जे शिकवलं ते हाताला लागलेल्या गाठीबद्दल नाही. इथेच सुनंदाची गफलत झाली, आणि इथेच माझी मावशी येते.

मावशी तासगाव तालुक्यातली. दोन एकर द्राक्षबाग, काका लवकर गेलेले. २००९ ची दिवाळी. ऑक्टोबरची छाटणी उरकून ती आमच्याकडे आली होती आणि आंघोळीनंतर केस पुसता पुसता सहज म्हणाली, "हितं हरभऱ्याएवढं काय तरी लागतंय बघ. पर दुखत न्हाई." मी लॅबमध्ये काम करणारी. मी म्हटलं, "दाखवूया." ती म्हणाली, "माल जाऊ दे आदी." गावातल्या एका डॉक्टरने आधीच पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, दुधाची गाठ म्हणून. मावशी तेव्हा चोपन्न वर्षांची होती, धाकटा मुलगा सव्वीसचा. दूध कुठलं आलं?

मी तेव्हा तिला हाताला धरून न्यायला हवं होतं. नेलं नाही. फराळाची घाई होती, पोरांच्या सुट्ट्या होत्या, आणि ती म्हणत होती तसं, दुखत नव्हतं. दुखत नाही ती गाठ साधी, हे आपल्याकडे घराघरात पक्कं बसलंय आणि ते उलटं आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. मला हे माहीत होतं. माहीत असून मी डबे भरून दिले आणि एसटीत बसवलं.

जानेवारीत फोनवर विचारलं तर म्हणाली, डिपिंग चाललंय, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम. मार्चमध्ये व्यापारी येऊन माल तोडून गेला. एप्रिलमध्ये लग्नाला आली तेव्हा मी तिला खोलीत नेऊन पदर बाजूला करायला लावला. लिंबाएवढी गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्या-खड्ड्यांची. बगलेत दोन गोट्या. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "मला ठावं हुतं गं. न कळल्यालंच बरं वाटायचं."

तिचा तुकडा आमच्याच लॅबला आला. नंबर टाकताना वहीत नाव वाचलं. तो ब्लॉक मीच कापला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. कडक गाठीचा काप सुंदर पडतो, चरबी नसते ना. रिबन सलग आली, एकही भोक नाही. पाण्यावर ती पसरताना बघत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. डॉक्टरांना स्लाईड दाखवायला एकच पुरली.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. मावशी चार वर्षं जगली. त्यातली दोन चांगली.

म्हणून मला दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या असतात आणि सांगताना जीव घाबरा होतो, की ऐकणारी अर्धंच घेऊन जाईल. काचेवर २७५ वेळा शोधून सापडणाऱ्या पेशींना घाबरून रात्र काढू नका. आणि हाताला लागणारी गाठ त्या पेशींच्या हिशेबात घालून घरी बसू नका. आपल्याकडे जास्त शोधल्यामुळे बायका मरत नाहीत, उशिरा आल्यामुळे मरतात. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला १ लाख ९० हजारांच्या वर बायकांना हा आजार होतो आणि जवळपास निम्मे, ९८ हजारांच्या आसपास, मृत्यू होतात.

आणि यावर उपाय फार मोठ्या यंत्राचा नाही, हेही आपल्याच राज्यात दिसलंय. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या. मॅमोग्राफी नाही, काही नाही. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निकाल छापला. तपासणीच्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला. सगळ्या वयांत मिळून मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्रात पक्का ठरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि तो पक्का. मावशी चोपन्नची होती.

स्वतःच स्वतःची तपासणी करावी का, हा प्रश्न वेगळा. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांवर ते करून पाहिलं. शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. म्हणून मी कुणाला दर महिन्याचा नेम सांगत नाही. पण आपलं अंग आपल्याला ओळखीचं असावं, आणि ओळखीचं नसलेलं काही लागलं तर माल जायची वाट बघू नये, एवढं मी सांगते. तीस वर्षांपुढच्या बायकांची हाताने तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा तो प्रश्न असतो. बऱ्याच जणी लाजून "न्हाई काय" म्हणून मोकळ्या होतात.

परवा सुनंदा एकटीच आली. चहा झाल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, मला काय लागतं तेच कळत न्हाई. सगळंच गाठी-गाठी वाटतं." मी तिची मधली तीन बोटं धरली, टोकं नव्हे, पोटं टेकवायला लावली आणि वरून खाली सावकाश फिरवली. बगलेकडच्या बाजूला भिजवलेल्या साबुदाण्यासारखं लागत होतं, दोन्हीकडे सारखं. "हे तुझं आहे," मी म्हटलं. "हे असंच असतं, पाळीच्या आधी जास्त लागेल." ती बराच वेळ बोटं तिथेच ठेवून उभी राहिली.

मग विचारलं, "उपकेंद्रात सिस्टर कुठल्या वारी असतात?"

शेहेचाळीस वर्षांची आहे ती. गुरुवारी आम्ही दोघी जाणार आहोत.